बारा कुंड्यांचा वर्ग

बुधवार, ३ नोव्हेंबर

अकरा अर्ज आले. बारा लागतात.

वनस्पती उद्यानात नोकरीला लागून मला तेवीस दिवस झाले. नेमणूक सहा महिन्यांची, पद शिक्षण सहायकाचं. मला दिलेली खोली म्हणजे पूर्वीची बियाण्यांची कोठी. कितीही झाडली तरी तिला पोत्यांचा वास येतोच. दर शनिवारी सकाळी इथे वर्ग घ्यायचा, कोणालाही येता येईल असा. पहिला तास बागेत फिरून झाडं ओळखायची, दुसरा तास हातकाम करायचं: टोपली विणणं, पानांचे ठसे, आणि मुख्य म्हणजे गुलाबाचं कलम. प्रत्येकाची एक कुंडी, तीन महिने तीच सांभाळायची. योजना माझी आहे. लोक बागेत येतात, चकरा मारतात, फोटो काढतात आणि कशालाही हात न लावता घरी जातात, हे मला बघवत नाही.

संचालकबाईंनी आज पुन्हा स्पष्ट सांगितलं. समितीला ही खोली प्रदर्शनासाठी हवी आहे. बारा जण झाले तरच वर्ग सुरू होईल. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी समिती स्वतः येऊन काम पाहील. आवडलं तर वर्ग कायम आणि मीही कायम. नाहीतर खोली गेली.

मला माझ्या नोकरीपेक्षा वर्गाची काळजी जास्त आहे. (हे लिहिलं खरं, पण वाचताना पूर्ण खरं वाटत नाही.)

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

अजून अकराच. दुपारपर्यंत वाट पाहिली. शेवटी घरी आले आणि आईला म्हटलं, तुझं नाव घालते.

ती काजं करत बसली होती. शिंप्याकडून शर्ट येतात, ती काजं आणि तुरपाई करून परत पाठवते. मी लहान असल्यापासून तिचा हा एकच कोपरा, खिडकीखालचा. तिने दोरा तोडला आणि विचारलं, काय काय घेऊन यायचं? मी म्हटलं, काही नको, तू नुसती मागे बसायचंस, आकडा पुरा होईल. ती म्हणाली, वही आणू का? मला हसू आलं. तिसरीनंतर तिच्या हातात वही आलेली नाही.

एक अट मी घातली. तू माझी आई आहेस हे तिथे कोणाला कळू द्यायचं नाही. भरतीला घरची माणसं आणली असं कोणी म्हणायला नको. तिने लगेच मान हलवली. इतकी लगेच की मला जरा वाईट वाटलं.

बाबा सायकलच्या दुकानातून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अभ्यास केला नाही म्हणून आता तू तिला ओरडणार. किती वर्षं वाट पाहत होतीस गं?"

शनिवार, ६ नोव्हेंबर

सुरू झालं!

आई माझ्या आधी अर्धा तास निघाली, वेगळ्या फाटकातून आली. शेवटच्या बाकावर खिडकीशी बसली. हजेरी घेताना तिने "हजर, मॅडम" म्हटलं, अगदी सरळ चेहऱ्याने. मला पुढचं नाव क्षणभर दिसेना.

बाकी मंडळी चांगली आहेत. एक निवृत्त टपालमास्तर आहेत. ते खिशात पट्टी बाळगतात आणि प्रत्येक गोष्ट मोजून लिहितात. एक दातांच्या डॉक्टरीणबाई. एक जोडपं, ज्यांचं एकाही झाडाबद्दल एकमत होत नाही. चिंचेखाली उभे राहून ती चिंच आहे की नाही यावर दोघं भांडले, तेही चिंचा दिसत असताना.

कलम शिकवायला उद्यानाचे जुने माळी आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. तीस वर्षं रोपवाटिकेत काढलीत. ज्ञान आहे, पण सांगण्याची पद्धत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, मध्येच थांबतात, खोकतात, मग तीच पुन्हा सांगतात.

शनिवार, १३ नोव्हेंबर

आज डोळे भरले. नवख्यांसाठी (आणि दहा वर्षांनी मी हे वाचेन तेव्हासाठी) लिहून ठेवते. कुंडीत रानगुलाबाची काटक फांदी रुजवलेली असते, तो खुंट. त्याच्या सालीला दोन काप द्यायचे, एक आडवा, एक उभा. साल हलकेच सोडवायची. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट काढून त्या कापात सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर लागला. मग खुंटाचा शेंडा उडवायचा, म्हणजे सगळा जोर डोळ्याला मिळतो.

मामांनी एकदा करून दाखवलं. बोलले मोजून पाच वाक्यं. त्यातलं शेवटचं तीनदा: "डोळ्याच्या खाली जे जे फुटेल ते खुडायचं. कितीही गोंडस दिसलं तरी खुडायचं." मग खोकले. मग पुन्हा तेच. टपालमास्तरांनी पेन खाली ठेवलं होतं, कारण मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की सगळं छापील मिळेल.

आईचा काप पाहून डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, इतका सरळ काप आमच्याकडे शिकाऊंना वर्षभरात जमत नाही, तुम्ही काय करता? आई म्हणाली, काजं करते. मी पटकन सगळ्यांना बाहेर पाणी घालायला नेलं.

सोमवार, १५ नोव्हेंबर

टिपण तयार केलं. एका पानात बसवायचं ठरवलं होतं, बसलं. मामांच्या बोलण्यातली पुनरुक्ती काढली, भाषा शास्त्रशुद्ध केली. 'साल सुटते' ऐवजी 'अंतर्सालीचा थर विलग होतो'. आकृती दोन. खूप समाधान वाटलं. माझ्या घरातल्या कोणाचं तरी वाक्य छापील कागदावर असणं हे पहिल्यांदाच घडतंय.

मग संचालकबाईंना भेटले आणि म्हटलं, पुढचे वर्ग मी एकटी घेऊ शकते. मामांना नव्या हिरवळीच्या कामावर पाठवायचंच होतं, बाईंचा प्रश्न सुटला. मामांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, बरं.

शनिवार, ४ डिसेंबर

पट्ट्या सोडल्या. बारापैकी बाराही डोळे हिरवे! जोडप्यानेसुद्धा एकमताने टाळ्या वाजवल्या. शेंडे उडवले.

मी इथे प्रामाणिक राहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. डोळा भरण्याचं काम मी स्वतः कधी केलेलं नाही. पदवीला आकृती काढली होती, तिला दहापैकी नऊ गुण होते.

शनिवार, ११ डिसेंबर

टोपली विणण्याचा वर्ग. वाळलेल्या वेलींच्या काड्या भिजवून ठेवल्या होत्या. आईची टोपली सगळ्यात आधी झाली आणि मग ती जोडप्याच्या मध्ये जाऊन बसली, त्यांची टोपली दोघं दोन दिशांनी विणत होते म्हणून. काहीतरी म्हणाली आणि ते दोघं हसायला लागले, ती पण. परक्या माणसांत तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि घरी विचारलं तर म्हणाली, असंच काहीतरी.

शेवटी घाई झाली. सगळे निघत होते, मी हजेरीपट भरत होते, तेव्हा आई कुंड्यांजवळून आली. "मॅडम, डोळ्याच्या खालून सगळ्यांच्यात फूट आलीय. ती अशीच..."

मी म्हटलं, "सगळं टिपणात दिलंय, काकू. वाचून घ्या."

'काकू' तोंडातून कसं निघालं कळलं नाही. पण तिने ते अगदी सहज घेतलं. म्हणाली, बरं.

शनिवार, १८ डिसेंबर

फुटवे जोरात आलेत. टपालमास्तरांच्या कुंडीतला तर वीतभर आहे. ते दर आठवड्याला पट्टी लावून वहीत आकडा टाकतात. फक्त आईची कुंडी उघडी, एक काटकी आणि तिच्यावर हिरवा ठिपका. टपालमास्तर तिला धीर देत होते: "तुमचं जरा लाजाळू दिसतंय. येईल, येईल." ती हो म्हणाली आणि खाली वाकून कुंडीत काहीतरी करत राहिली.

मला तिची दया आली. घरातलं सगळं सांभाळून शनिवारची सकाळ ती माझ्यासाठी घालवते, आणि नेमकं तिचंच कलम मेलं.

शनिवार, ८ जानेवारी

बाराव्या कुंडीमुळे सगळी रांग भकास दिसते. वर्ग सुरू व्हायच्या आधी ती मी दाराआड ठेवली. आईच्या नजरेला पडू नये, तिला उगाच कमीपणा वाटायला नको, हाच हेतू होता. ती आली, रांग पाहिली, दाराआड गेली आणि कुंडी उचलून उन्हात आणून ठेवली, रांगेपासून दोन हात लांब. माझ्याकडे पाहिलं नाही.

तिच्या ठिपक्यातून आता तांबूस पानं आली आहेत. देठावर पाचच. बाकीच्यांच्या देठांवर सात सात पानं, लहान पण भरगच्च. मी आईच्या कुंडीत मूठभर जास्त खत घातलं.

मंगळवार, ११ जानेवारी

संचालकबाईंना अहवाल पाठवला. बारापैकी अकरा कलमं यशस्वी. त्यांनी फोन करून अभिनंदन केलं. म्हणाल्या, समितीतल्या एकांना वर्ग बंद करायची फार घाई आहे, पण ह्या आकड्यापुढे त्यांना बोलता येणार नाही.

घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, "बारावं कोणाचं गेलं?" मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझं." आणि सुईत दोरा ओवायला लागली.

शनिवार, २२ जानेवारी

काय झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर मी ते बदलून टाकेन.

मामा कात्री मागायला आले होते. वर्ग चालू होता. ते दारात, बाहेरच्या ओट्यावरच्या कुंड्यांकडे पाहत उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, कौतुक करणार. मग ते रांगेवरून चालत गेले आणि आईच्या कुंडीशी थांबले.

"ही कोणाची?"

आईने हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"हा एक गुलाब आहे," मामा म्हणाले. "बाकी कुंपण आहे."

कोणाला कळलं नाही. मला कळलं. म्हणजे ते बोलले त्याच क्षणी कळलं, आणि महिनाभर मी रोज ते पाहत होते. सात पानं. लहान काटे. तो जोर. ती सगळी खुंटाची फूट होती, डोळ्याखालून आलेली. रानगुलाब वाढत होता आणि आम्ही त्याला टाळ्या वाजवत होतो. मामांनी टपालमास्तरांची फांदी बाजूला करून दाखवलं. भरलेला डोळा अजून तिथेच, हिरवा, मुगाच्या दाण्याएवढा, झोपलेला. सगळं अन्न खालचीच फूट खात होती.

टपालमास्तरांनी टिपण काढलं. ते घडीत जपून ठेवलं होतं त्यांनी. चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचत गेले. 'अंतर्सालीचा थर विलग होतो' सुद्धा वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, खुडायचं ह्यात कुठे नाही." आवाजात राग नव्हता. ते खरोखरच शोधत होते.

मी काढलं होतं ते वाक्य. तीनदा आलं होतं म्हणून काढायला घेतलं आणि तिन्ही वेळचं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, मग तुम्हाला कसं कळलं? आई म्हणाली, "मला वाचायला वेळ लागतो. म्हणून मी ऐकून ठेवते. मामा बोलले होते."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. मग म्हणाली, "लक्षातच आलं नाही माझ्या."

मी गप्प बसले. हे मला इथे लिहावंच लागेल. मी गप्प बसले.

रविवार, २३ जानेवारी

मामांचं म्हणणं असं: फूट आज खुडली तर डोळे जागे होतील, सगळे नाही, काही होतील. अजून आठवडाभर थांबलात तर ते सुकतील, मग काही नाही.

समिती शनिवारी येणार. आता खुडलं तर त्यांना अकरा उघड्या काटक्या दिसतील आणि माझ्या अहवालात अकरा यशस्वी कलमं. नाही खुडलं तर अकरा हिरवीगार झाडं. जोडप्यातल्या बाईंनी काल जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की समितीला काय कळतंय, त्यांचं होऊ द्या, मग कापू, आम्ही कोणी तोंड उघडणार नाही. त्यांचा नवराही हो म्हणाला. ते दोघं एकमेकांना हो म्हणाले, याचीच मला जास्त भीती वाटली.

वर्ग वाचला तर पुढच्या वर्षी शंभर माणसं नीट शिकतील. अकरा डोळ्यांसाठी शंभर माणसं घालवायची का? सकाळपासून मी हा हिशेब असाच मांडतेय आणि दर वेळी उत्तर मला हवं तेच येतं. म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही.

दुपारी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, काय करू? ती म्हणाली, मला समितीतलं काय समजतं. पुढची दोन काजं झाल्यावर म्हणाली, "तू ठरवेपर्यंत ते खालचं खातंय. एवढं मला दिसतं."

मी विचारलं, तू मला सांगायला आली होतीस तेव्हा मी तुला काकू म्हटलं, ते लागलं का? ती म्हणाली, "काकू म्हटलंस ते ठीक होतं. वाचून घ्या म्हणालीस ना, ते." आणि शर्ट उलटा करून पुढचा काप द्यायला लागली.

सोमवार, २४ जानेवारी

संचालकबाईंना सगळं सांगितलं. अहवाल चुकीचा आहे. वाक्य मी काढलं. मामांना मीच दूर पाठवायला लावलं. बारावं नाव माझ्या आईचं आहे, आकडा भरायला घातलेलं, आणि जगलेलं एकमेव कलम तिचंच आहे.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "अहवाल तुम्ही पाठवलात, मागेही तुम्हीच घ्यायचा. माझ्याकडे नाही, समितीपुढे." मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, आई आहे हे लपवलंत ते आकड्यामुळेच ना? मी हो म्हटलं. त्यांनी कागदाकडे पाहत मान हलवली. हो म्हणताना माझे कान तापले होते, ते त्यांना दिसलं असेल.

मंगळवार, २५ जानेवारी

सगळ्यांना फोन करून संध्याकाळी पाचला बोलावलं. नऊ जण आले. राहिलेल्या तिघांनी फोनवर सांगितलं, आमचं तुम्हीच खुडा.

मी आधी बोलून घेतलं. म्हटलं, खुडायचं का हे ह्यांनी मला अकरा डिसेंबरला विचारलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांच्या लक्षात होतं. आणि ह्या माझ्या आई आहेत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते आम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं. तुमच्या डब्याला त्यांचं झाकण होतं आणि त्यांच्या डब्याला तुमचं." बाकीचे हसले. जोडप्यातले गृहस्थ म्हणाले की त्यांना चालण्यावरून कळलं, बाई म्हणाल्या काहीतरीच काय, हनुवटीवरून. आई खाली पाहून हसत होती. म्हणजे बारा शनिवार मी एकटीच लपून बसले होते.

मग खुडलं. टपालमास्तरांनी शेवटचं माप घेतलं, एक्केचाळीस सेंटिमीटर, तारखेसह वहीत टाकलं, खाली रेघ मारली आणि कात्री माझ्याकडे दिली. त्यांना स्वतःला जमेना. मलाही जमेना. आईने घेतली आणि कापून टाकलं.

शनिवार, २९ जानेवारी

समितीचे चौघे आले. ओट्यावर अकरा काटक्या आणि एक गुलाब, त्यालाही अजून कळी नाही. अध्यक्षांनी विचारलं, यशस्वी कलमं कुठे ठेवलीत? मी सांगितलं. अहवाल मागे घेते असं म्हणून कागद त्यांच्या हातात दिला. शब्द बरोबर आले.

ज्यांना घाई आहे असं ऐकलं होतं ते गृहस्थ मुळीच वाईट बोलले नाहीत. ते फक्त खोलीची लांबीरुंदी पावलांनी मोजत राहिले.

अध्यक्ष आईजवळ गेले. तुम्हाला ह्या वर्गाचा काय उपयोग झाला, असं त्यांनी विचारलं. मी मनात म्हणत होते, आई, कलमाचं सांग, झाडं ओळखते ते सांग, टोपलीचं सांग. तिने बराच विचार केला.

"मला शनिवार मिळाला," ती म्हणाली.

अध्यक्ष थोडे थांबले, पुढे काही येईल म्हणून. आलं नाही. मग ते हात मागे बांधून बाहेर गेले. मी जरा खट्टू झाले. इतक्या चांगल्या संधीला एवढंच उत्तर. इतिवृत्तात हे कसं लिहिणार?

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

पत्र आलं. खोली प्रदर्शनाला देण्यात येत आहे. शनिवारचे वर्ग बंद. मी मुदत संपेपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, झाडांच्या पाट्या लिहायच्या. संचालकबाईंनी पत्र स्वतः आणून दिलं, शिपायाकडून पाठवलं नाही. म्हणाल्या, मागे घेतलं नसतंत तर वर्ग राहिला असता, हे तुम्हाला माहीत असेलच. मी हो म्हटलं.

घरी येऊन सांगितलं. बाबांनी आज एकही विनोद केला नाही, त्यावरून मला कळलं की गोष्ट मोठी आहे. आईला म्हटलं, उद्यापासून तुझी सुटका. तिने हातातला शर्ट घडी करून ठेवला. तिला माझ्याबद्दल वाईट वाटत असणार.

शनिवार, ५ फेब्रुवारी

सकाळी उठले तर आई बाहेरचे कपडे घालून चपला शोधत होती. मी म्हटलं, अगं, वर्ग बंद झाला, काल सांगितलं ना. ती म्हणाली, माहीत आहे. मग कुठे? "शनिवार आहे," ती म्हणाली आणि निघून गेली. शिंप्याचं गाठोडं कोपऱ्यात तसंच, बांधलेलं.

मी तासभर घरात इकडेतिकडे केलं. पाट्यांची यादी काढली, ती चुकली, फाडली. मग मीही निघाले.

कोठीला कुलूप होतं. ओटा रिकामा. कुंड्या कोणीतरी नेल्या होत्या. मला वाटलं, टाकल्या. धावतच मागे रोपवाटिकेत गेले. तिथे जाळीच्या सावलीत मामा उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर उलट्या टोपल्यांवर आई, टपालमास्तर, डॉक्टरीणबाई, ते जोडपं आणि एक अनोळखी बाई, जी रोज चकरा मारायला येते आणि आज जाळीबाहेरून बघताना आत शिरली असावी. कुंड्या रांगेत होत्या. सगळ्या पाहायचं माझं धाडस झालं नाही. मामा काहीतरी सांगत होते, थांबले, खोकले, पुन्हा तेच सांगितलं. कोणी लिहून घेत नव्हतं. टपालमास्तरांचे ओठ मात्र हलत होते.

मी जाळीशी उभी राहिले. आत जायला आमंत्रण लागेल असं का वाटलं कोण जाणे.

त्या नव्या बाईंनी माझ्याकडे पाहून आईला विचारलं, ह्या कोण?

"माझी मुलगी," आई म्हणाली. "तिलाही शिकायचंय."

मामांनी काही न विचारता एक खुंट माझ्यापुढे सरकवला आणि चाकू उलटा करून मूठ माझ्याकडे धरली. आई जरा सरकली. मी तिच्या टोपलीच्या कडेला बसले. साल वाटली त्यापेक्षा खूप पातळ निघाली. पहिला काप तिरका गेला, दुसरा खोल, लाकडापर्यंत. आईने दोन्ही पाहिले. मग तिने माझं मनगट धरून जरा खाली दाबलं, काजासाठी कापड ताणून धरते तसं, आणि आपल्या खुंटाकडे वळली.

तिसरा अजून दिलेला नाही. मामा म्हणाले, घाई नाही, पुढच्या शनिवारी दे.